मुलाला ओपीडीत आणलंत, आता या चुका टाळा

फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती सेशनमध्ये होईल?" मुलाचं वय नंतर येतं, तो काय घेतो ते त्याहून नंतर. नशेत अडकलेली किशोरवयीन मुलं आणि त्यांच्या घरच्यांबरोबर ओपीडीत समुपदेशक म्हणून काम करते, त्यामुळे माझं उत्तरही आता ठरून गेलंय. आठवड्याचे तास १६८. त्यातला एक माझा, फार तर दोन. बाकीच्या तासांत घरात जे चालतं त्याने माझ्या तासाचं सोनं होतं किंवा माती. माती कशी होते तेवढंच खाली लिहितेय. क्रम माझ्या वैतागाचा आहे.

घरी लघवी तपासायचं किट आणणं

यावर मी सगळ्यात जास्त भांडते.

सोळा वर्षांचा मुलगा, गांजासाठी आणलेला. तिसऱ्या सेशननंतर वडिलांनी मला न विचारता किट मागवलं. दर रविवारी सकाळी मुलगा बाथरूममध्ये, वडील दाराबाहेर. ओळीने सहा रविवार पट्टी स्वच्छ. आईवडील इतके खूश की सेशन आता थांबवायची का, हेच विचारायला आले. मुलगा शेजारच्या खुर्चीत बसलेला. डोळे लाल, ओठांभोवती पुरळ, बोलणं जडावलेलं. बाहीला थिनरचा वास येत होता. तो मला येत होता, त्यांना येत नव्हता, कारण त्यांच्या हातात पट्टी होती.

गांजा त्याने खरंच सोडला होता. पट्टीवर थिनर दिसत नाही हे त्याला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. मुलं मूर्ख नसतात. तुम्ही परीक्षा घेतली की ती परीक्षेपुरता अभ्यास करतात. थिनर, व्हाइटनर, गॅस असलं हुंगताना हृदयाची लय बिघडून पहिल्याच वेळीही जीव जाऊ शकतो. म्हणजे घरात गांजा होता तिथे त्याहून घातक वस्तू आली, आणि तिला वाट करून दिली किटने. (हुंगताना पकडलंच तर ओरडू नका, मागे धावू नका. त्या क्षणी बसलेला धक्काही हृदयाला झेपत नाही. खिडक्या उघडा, त्याला शांत बसवा, आणि शुद्ध हरपतेय किंवा श्वास बिघडतोय असं वाटलं तर तातडीची मदत बोलवा.)

याच्या उलटही होतं. रोज भरपूर गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचा अंश महिनाभर, कधी त्याहून जास्त दिवस सापडू शकतो. मूल तीन आठवडे दात-ओठ खाऊन लांब राहिलेलं असतं, पट्टी 'आहे' म्हणते, आणि घरात खोटारडा ठरतं. खोकल्याच्या काही औषधांतला डेक्स्ट्रोमेथॉर्फन काही पट्ट्यांवर पीसीपी या भलत्याच अमली पदार्थाच्या नावाने उमटतो. पट्टी फक्त संशय सांगते. खात्री प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या, नेमक्या तपासणीनेच होते.

माझी सवय अशी: तपासणी करायचीच तर दवाखान्यात, आधी मुलाशी बोलून. 'आहे' आलं तर पुढे काय करायचं हे 'आहे' येण्याआधी ठरवायचं आणि निकाल आधी त्याला सांगायचा. ज्यांना रविवारची पट्टी हवीच असते त्यांना मी विचारते, उपचार हवाय की पुरावा?

"आज काय म्हणाला?"

सेशन संपलं की दाराशीच हा प्रश्न येतो. चूक पालकांची म्हणून सांगत नाही, माझी सांगते.

सुरुवातीची वर्षं होती. पंधरा वर्षांची मुलगी, चौथ्या सेशनला पहिल्यांदा मोकळी झाली. मैत्रिणीकडे दारू प्यायली होती, त्या रात्री एक मुलगाही होता, तिच्या मनाविरुद्ध काही घडलं नव्हतं, पण तिला स्वतःचीच लाज वाटत होती. आई बाहेर थांबलेली, चेहरा उतरलेला. मला तिची दया आली आणि मी म्हणाले, "मैत्रिणींच्या ग्रुपकडे जरा लक्ष असू द्या." बस्स, इतकंच. आईने त्याच रात्री फोन तपासला, मैत्रिणीच्या घरी फोन केला. पाचव्या सेशनला मुलीला ओढून आणलं. पाऊण तास ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली. सहाव्याला आलीच नाही.

आठ महिन्यांनी ती परत आली, दुसऱ्या समुपदेशकाकडे, हातावर कापल्याच्या खुणा घेऊन. माझ्या एका वाक्यामुळे ती हात कापायला लागली असं मी म्हणत नाही. पण लागली तेव्हा जिथे सांगता आलं असतं ती जागा मी बंद करून टाकली होती.

तेव्हा कानाला खडा लावला. आता पहिल्याच दिवशी, सगळे खोलीत असताना, मी कागदावर लिहून देते की तीन गोष्टी माझ्याकडे गुपित राहणार नाहीत: स्वतःच्या जिवाला धोका, दुसऱ्याच्या जिवाला धोका आणि मुलावर कुणी करत असलेला अत्याचार. कायदा जिथे आणखी काही सांगायला लावतो तेही त्याच कागदावर येतं. त्यातलं काही सांगायची वेळ आलीच तर आधी मुलाला कळतं, आणि शक्य असेल तर माझ्यासमोर मूलच ते घरच्यांना सांगतं. बाकी सगळं खोलीतच राहतं. तुम्हाला दाराशी काही विचारायचंच असेल तर "या आठवड्यात मी घरी काय करू?" असं विचारा. त्याचं उत्तर माझ्याकडे नेहमी असतं.

मुलाला सोडून गाडीत बसणं

"तुम्ही त्याला नीट करा, आम्ही खाली थांबतो." म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. किशोरांच्या व्यसनावरच्या ज्या उपचारांचा नीट अभ्यास झालाय त्यांत घरच्यांना धरून चालणारे उपचार वरच्या रांगेत आहेत. कारण साधं आहे: त्याचं भांडण, त्याचा खर्चाला पैसा, त्याची झोप, सगळं तुमच्याच घरात आहे. फॅमिली सेशनला आई येते, वडिलांना मीटिंग असते. मी वडिलांच्या वेळेनुसार वेळ बदलते, दोनदा, तिसऱ्यांदा नाही. आणि संध्याकाळी स्वतः ग्लास भरून मुलाला दारूवर भाषण देणाऱ्यांशी मी फार वाद घालत नाही. ते काम त्यांचं मूल फॅमिली सेशनमध्ये माझ्याहून चांगलं करतं.

दुसऱ्या आठवड्यात "हा तर आणखी बिघडला"

रोजचा गांजा थांबला की एक-दोन दिवसांत चिडचिड सुरू होते. झोप उडते, भूक मरते, विचित्र स्वप्नं पडतात. पहिला आठवडा सगळ्यात वाईट, साधारण दोन आठवड्यांत बरंच ओसरतं, झोप मात्र सावकाश जुळते. नेमक्या याच दिवसांत पालक वैतागून समुपदेशक बदलतात, आणि नवा माणूस पुन्हा पहिल्या पानापासून. तीन महिन्यांपेक्षा कमी उपचाराचा फारसा उपयोग होत नाही, हा या क्षेत्रातला जुना ठोकताळा आहे. दोन सेशनमध्ये 'फरक नाही' म्हणणाऱ्यांना मी तो ऐकवते. ते ऐकत नाहीत.

आधी नशा सोडू दे, मग उदासीनतेचं बघू

दोन्ही एकत्रच बघायचं असतं. कित्येक मुलं झोप यावी, छातीतली धडधड थांबावी म्हणून घ्यायला लागलेली असतात. मूळ दुखणं तसंच ठेवून त्याच्या हातातून त्याचं औषध (त्याच्या लेखी ते औषधच असतं) काढून घेतलं तर ते दुसरं शोधेल. थिनरवाला मुलगा आठवा.

गोळ्यांशी खेळ

उदासीनतेच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला त्याहून जास्त. दहाव्या दिवशी "काही होत नाही" म्हणून बंद करू नका, आणि बरं वाटलं म्हणून एका दिवसात तर मुळीच नको. चक्कर, बेचैनी, चिडचिड उसळून येते. काही पालक औषधावरची इशाऱ्याची चौकट वाचून पाकीटच फेकतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ मध्ये ती चौकट छापायला लावली, कारण या गोळ्यांवर काही मुलांत आत्महत्येचे विचार वाढल्याचं दिसलं होतं. त्याचा अर्थ सुरुवातीला आणि डोस बदलताना डोळ्यात तेल घालून बघा आणि काही खटकलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, असा आहे. फेकून द्या असा नाही.

एकदम बंद करायला लावणं

गांजाच्या बाबतीत त्रास होतो, धोका फारसा नसतो. पण मूल रोज दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेत असेल तर अचानक थांबवल्याने फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. हे काम ओपीडीच्या खुर्चीतलं नाही, आधी डॉक्टर. आत्महत्येचा बेत ठरलेला असेल किंवा नसलेले आवाज ऐकू येत असतील तरीही आठवड्याच्या तासावर भागवू नका.

आता भराभर:

"आत्महत्येचं विचारलं तर डोक्यात भरेल." भरत नाही. सरळ शब्दांत विचारा.

एकदा घसरला म्हणून सगळं पाण्यात गेलं असं नाही. पण काही आठवडे लांब राहून पुन्हा जुन्याच मापाने घेणं ओपिऑइडच्या (अफू, हेरॉइन यांसारख्या पदार्थांच्या) बाबतीत जीवघेणं ठरू शकतं. शरीराची सवय उतरलेली असते.

सेशनची धमकी देऊ नका. "थांब, मॅडमना सांगते" म्हणालात की मी त्याची मॅडम राहत नाही, तुमची पोलीस होते.

बिघडलेल्या मुलांचा ग्रुप जमवून त्यांना एकमेकांवर सोडणं. डिशन हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्येच दाखवलं होतं की अशा ग्रुपमध्ये काही मुलांचं वागणं उलट बिघडतं. ग्रुप कोण चालवतं आणि त्यात कोण आहे, हे विचारूनच पाठवा.

इंटरनेटवरची प्रश्नावली घरी घेणं. क्राफ्ट (CRAFFT) नावाची नशेची प्राथमिक छोटी चाचणी १२ ते २१ वयासाठी आहे, सहा प्रश्नांची, दोन 'हो' आले की पुढे नीट तपासायचं. तीच आईने जेवताना विचारली की सहाच्या सहा 'नाही' येतात.

आणि पहिल्या दिवशी रिकाम्या हाताने येणं. घरात असलेल्या सगळ्या औषधांची यादी आणा, खोकल्याच्या बाटलीपासून आजीच्या झोपेच्या गोळ्यांपर्यंत. दोन याद्या करा: एक तुमची, एक मुलाची, एकमेकांना न दाखवता. मुलाची यादी बहुतेक वेळा लांब निघते. तुमच्या यादीत नसलेली जी पहिली ओळ त्याच्या यादीत असते, तिथून मी सुरुवात करते.