नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलंय? गृहकर्ज दुसऱ्या बँकेत नेताना या चुका टाळा

२०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, ६.५० टक्क्यांवरून ५.२५ टक्क्यांवर आला आणि कर्ज दुसऱ्या बँकेत नेण्याची चौकशी वाढली. नवी मुंबईत ऐरोलीतली किंवा ठाण्यात वागळे इस्टेटमधली नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलेली मंडळी इथे हमखास अडकतात. हप्ता कधी चुकलेला नसतो, कमाई पगाराहून जास्त असते, तरी फाइल परत येते.

कारण बहुतेक वेळा एकच. जुन्या बँकेत तुमची कितीही पत असो, नव्या बँकेसाठी तुम्ही नवे कर्जदार. व्यावसायिकाकडून ती सहसा दोन-तीन वर्षांची रिटर्न्स, कॉम्प्युटेशन (उत्पन्न आणि कराचा हिशेब), ताळेबंद, वर्षभराचं बँक स्टेटमेंट, गुमास्ता (दुकान-आस्थापना) किंवा उद्यम (लघुउद्योग) नोंदणी मागते. काम सुरू होऊन आठ-दहा महिनेच झाले असतील तर धावपळ करू नका. आणि राजीनामा दिल्यावर जुन्या सॅलरी स्लिपा जोडून अर्ज तर मुळीच करू नका. ती सरळ फसवणूक आहे, आणि पडताळणीचा फोन कंपनीत जातोच.

त्याऐवजी आधी आपल्याच बँकेत जा. थोडं शुल्क घेऊन व्याजदर कमी करून देण्याची सोय बहुतेक बँकांत असते आणि त्यासाठी उत्पन्नाचे कागद सहसा नव्याने लागत नाहीत. तुमचं कर्ज अजून एमसीएलआर किंवा बेस रेट या बँकेच्या स्वतःच्या जुन्या पद्धतीच्या दरांवर असेल तर रेपोशी जोडून मागा. नव्याने व्यवसायात उतरलेल्यासाठी हा सगळ्यात सोपा रस्ता आहे, आणि नेमका तोच विचारायचा राहून जातो.

दुसरी मोठी चूक रिटर्नमध्ये होते. समजा, एका इंटिरिअर डिझायनरची वर्षाची जमा २० लाख आहे. व्यावसायिकांना जमेच्या ठरावीक टक्के उत्पन्न दाखवू देणाऱ्या सोयीखाली (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ४४एडीए) निम्मी रक्कम उत्पन्न दाखवली की रिटर्नवर १० लाख येतात, आणि बँक हप्त्याची ऐपत त्या १० लाखांवर मोजते. निम्मी ही किमान मर्यादा आहे. खरा नफा १४ लाख असेल तर १४ लाखच दाखवायला हवेत. कर जास्त भरावा लागेल, पण कर्जाच्या वेळी तोच आकडा उभा राहतो. रोखीने घेतलेले, खात्यात न आलेले पैसे बँकेच्या हिशेबात नसतातच. दोन-तीन वर्षांची रिटर्न्स अर्जाच्या तोंडावर एकदम भरली तर अधिकाऱ्याला शंका येते, आणि ती रास्त आहे.

आता हप्त्याचं बघा, कारण खरं नुकसान इथे होतं. ४० लाख बाकी, १८ वर्षं शिल्लक, दर ९ टक्के: हप्ता साधारण ३७,४५० रुपये. ८.२५ टक्क्यांवर तीच मुदत ठेवली तर ३५,६०० होतो. एजंट मात्र मुदत २५ वर्षं करून ३१,५४० चा हप्ता दाखवतो. धंद्यात महिन्याची आवक कमीजास्त होते, म्हणून तो फार बरा वाटतो. पण एकूण परतफेड सध्याच्या हप्त्याने होणाऱ्या ८१ लाखांवरून साडेचौऱ्याण्णव लाखांवर जाते! मुदत वाढवायचीच असेल तर चांगल्या महिन्यात जादा रक्कम भरत जा. घरासाठी व्यक्तीने घेतलेल्या फ्लोटिंग दराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही.

घराचे कागदही नव्याने तपासले जातात. ‘तेव्हा कर्ज मिळालं होतं’ हे उत्तर चालत नाही. ठाण्यातल्या जुन्या इमारतीची ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) नसेल किंवा नवी मुंबईत घर गावठाण विस्तारातल्या बांधकामात असेल, तर आधी तेच विचारून घ्या. सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवरचं घर असेल तर गहाणासाठी सिडकोची एनओसी लागते. तिला वेळ लागतो, म्हणून अर्ज लवकर टाका. सोसायटीची एनओसीही लागेल.

चार एजंटांना एकदम कागद देऊ नका. प्रत्येक बँकेची चौकशी सिबिलवर नोंदली जाते. प्रोसेसिंग फी, मुद्रांक शुल्क, नोटीस ऑफ इंटिमेशन (गहाणाची सरकारदरबारी नोंद), कायदेशीर तपासणी हा खर्च व्याजातल्या बचतीतून वजा करून मगच ठरवा. जुनं कर्ज फिटेपर्यंत तिथला हप्ता थांबवू नका. मंजुरी आली म्हणजे जुन्या बँकेला पैसे गेले, असं होत नाही.

जुन्या बँकेकडून कागदपत्रांची यादी आधीच लेखी घ्या आणि मूळ करारनामा, शेअर सर्टिफिकेट त्यात आहे ना, हे पडताळा. पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद मिळाले नाहीत आणि उशीर बँकेमुळे झाला असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते. ती लेखी मागा.