विंडोजचा गेम लिनक्सवर अडखळतोय?
ऐरोलीच्या भाच्याने जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं आणि उड्या मारायचा गेम नेमका खड्ड्यावरच अडकायला लागला. स्टीम या गेमच्या ॲपमध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘कम्पॅटिबिलिटी’त जाऊन प्रोटॉनची (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या सोयीची) स्थिर आवृत्ती निवडा. प्रोटॉनमधलं डीएक्सव्हीके हे विंडोजच्या डायरेक्टएक्स ९ ते ११ चे ग्राफिक्सचे आदेश लिनक्सवर चालणाऱ्या वल्कनच्या आदेशांत बदलतं, म्हणून ग्राफिक्स कार्डाचा वल्कन ड्रायव्हर हवाच. गेम जुना, ३२ बिटचा असेल तर सहसा ड्रायव्हरही ३२ बिटचा लागतो. बरेच जण इथेच फसतात. सुरुवातीला थोडे झटके बसतात, कारण शेडर, म्हणजे चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम, तयार होत असतात. तेवढं सोसा. गेम डिस्कच्या विंडोजवाल्या भागावर (एनटीएफएस पार्टिशनवर) ठेवू नका, लिनक्सच्या पार्टिशनवर घ्या. आणि हो, आधी चार्जर लावून बघा. भाच्याचा लॅपटॉप तर पॉवर सेव्हरवरच होता!