एसयूव्हीतला रस्त्याचा आवाज नेमका कुठून येतो, हे कसे शोधावे

कोल्हापुरात तावडे हॉटेलपासून हायवेला लागलो आणि काटा ऐंशीच्या पुढे गेला, की गाडीत घूंऽऽ असा आवाज भरतो. मागच्या सीटवरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागते. मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतो चारही टायर बदला, कुणी म्हणतो दारांत डॅम्पिंग शीट, म्हणजे आवाज दाबणारा थर, मारून घ्या. दोन्हींत हजारो रुपये जातात आणि पुष्कळदा आवाज तिथेच राहतो, कारण तो कुठून येतोय हे कुणी पाहिलेलेच नसते. म्हणून आधी शोध घ्या, खर्चाचे नंतर बघू.

एसयूव्हीत हा आवाज जास्त जाणवायला कारण आहे. सेडानची डिकी वेगळी असते, त्यामुळे मागच्या चाकांचा बराचसा आवाज तिथेच अडतो. एसयूव्हीत डिकी आणि केबिन मिळून एकच पोकळी असते. शिवाय टायर रुंद, बॉडी उंच आणि टपावर रेल, म्हणजे वाऱ्यालाही धरायला जागा भरपूर.

आधी गाडी रिकामी करा

डिकीतला जॅक, पाना, पाण्याचे कॅन, छत्री, सगळे बाहेर काढा. स्टेपनी घट्ट बसली आहे का पाहा. टायरच्या खाचांत अडकलेली खडी काढा. हवा गाडी थंड असताना तपासा, आणि ड्रायव्हरच्या दारालगतच्या स्टिकरवर जो आकडा दिला असेल तेवढीच भरा. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, रोज भरायचा नव्हे. हवा जास्त झाली की टायर कडक होतो आणि रस्त्याची प्रत्येक खडी आत ऐकू येते.

पाणंदीने शेतावर जाणे-येणे असेल तर रिमच्या आतली बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन घ्या. वाळलेला चिखल रिमला एका बाजूने चिकटून राहिला तर चाकाचा तोल जातो आणि गाडी थरथरते. ब्रेकची डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्याच्या मध्ये बारीक खडा अडकला, तर कर्रऽ असा धातू घासल्यासारखा आवाज येतो. तो ऐकून लोक ब्रेक पॅड बदलायला निघतात.

एक रस्ता, एक वेग, दोन माणसे

चाचणी सकाळी लवकर, रहदारी कमी असताना घ्या. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या गर्दीत हे जमणार नाही. चालवणाऱ्याने फक्त चालवायचे, ऐकायचे आणि लिहायचे काम दुसऱ्याने करायचे. एसी, पंखा आणि गाणी बंद, काचा पूर्ण वर. आधी पुढच्या सीटवर बसून ऐका, परतीला मागे बसून. फोनवर आवाज मोजणारे ॲप असेल तर फोन दर वेळी एकाच जागी ठेवा. त्याचा आकडा अचूक नसतो, पण आधीचा आणि नंतरचा फरक समजायला पुरतो.

पहिली कसोटी रस्त्याच्या पृष्ठभागाची. वेग ६० वर स्थिर ठेवून खरबरीत डांबरावरून गुळगुळीत, नव्या डांबरावर जा. पृष्ठभाग बदलताच आवाज बदलला तर तो टायरमधून येतोय. रस्ता बदलूनही आवाज तसाच राहिला आणि फक्त वेगाबरोबर चढत-उतरत असेल, तर चाक ज्यावर फिरते त्या बेअरिंगवर किंवा गाडी ओढणाऱ्या भागांवर संशय घ्या. माझ्या मते सगळ्या शोधातली ही सर्वांत मोलाची कसोटी, आणि तिला पैसा लागत नाही.

दुसरी कसोटी ॲक्सिलरेटरची. सपाट, मोकळ्या रस्त्यावर ८० वर असताना पाय अलगद उचला. आवाजाची जात त्या क्षणी बदलली तर इंजिन माउंटिंग, सायलेन्सर, गिअरबॉक्स किंवा मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) आणि त्याच्यापर्यंत ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सांधा, यांच्याकडे पाहावे लागेल. मॅन्युअल गाडी थोडा वेळ न्यूट्रलमध्ये सोडून हेच आणखी स्पष्ट होते. उतारावर मात्र हे करू नका आणि इंजिन चालत्या गाडीत कधीही बंद करू नका. स्टेअरिंग जड होते आणि ब्रेकची ताकद कमी होते.

वळणावर बेअरिंग बोलते

गाडी उजवीकडे वळते तेव्हा वजन डाव्या चाकांवर जाते, डावीकडे वळते तेव्हा उजव्या चाकांवर. पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबीळच्या वळणांवर, आपल्याच लेनमध्ये आणि बेताच्या वेगात हे ऐकता येते. उजव्या वळणावर घुंई वाढली आणि डाव्या वळणावर कमी झाली, तर बहुधा डाव्या बाजूचे बेअरिंग. हायवेवर गाडी डुलवून ही परीक्षा घेऊ नका.

नक्की करायचे तर चाक उचलावे लागेल. सपाट जमीन, हँडब्रेक, पलीकडच्या चाकांना दगड आणि जॅकच्या जोडीला पक्का स्टँड. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. पुढचे चाक हाताने फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटे सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा. मागचे चाक तपासताना हँडब्रेक सोडावाच लागतो, म्हणून ते काम गॅरेजच्या लिफ्टवरच करा. बेअरिंग खराब असेल तर बोटांना खरखर लागते. चाक वरून-खालून धरून हलवूनही पाहा, पण ते हलले नाही म्हणजे बेअरिंग चांगले असे समजू नका. आवाज आधी सुरू होतो, ढिलेपणा नंतर येतो. म्हणून आवाज बेअरिंगचा निघाला तर ते काम पुढे ढकलू नका. हा आरामाचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे.

आणि आपल्या कोल्हापुरात एक प्रश्न आवर्जून विचारायचा: ही गाडी पुराच्या पाण्यात उभी होती का? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ थेट हायवेवर आले होते, शहरातही घरांत आणि पार्किंगमध्ये शिरले होते. बेअरिंगचे सील रस्त्यावरचे उडते पाणी अडवते. तासन् तास पाण्यात बुडून राहणे त्याला झेपत नाही. गाळाचे पाणी आत गेले की ग्रीस बिघडते, आतल्या पोलादाला गंजाचे ठिपके पडतात आणि घुंई काही महिन्यांनी सुरू होते. जुनी एसयूव्ही घेताना चाचणीच्या फेरीत रेडिओ लावू देऊ नका.

तळहाताने टायर वाचा

गाडी उभी करून टायरच्या नक्षीवरून तळहात आधी पुढे, मग मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीच्या दातांसारखे लागले, तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा आणि कल, बिघडले आहे. टायरवर ठरावीक अंतराने उंच-खोल लागले तर शॉक ॲब्सॉर्बर थकले आहेत किंवा बॅलन्सिंग गेले आहे. आतल्या कडेवरूनही हात फिरवा. टायर आतून खाल्लेला असतो आणि बाहेरून नवा दिसतो.

इथे बहुतेकांची निराशा होते. अलाइनमेंट करून आणले तरी आवाज कायम, मग ‘पैसे पाण्यात गेले’ म्हणतात. अलाइनमेंटने पुढची झीज थांबते, झालेली झीज भरून येत नाही. तो टायर झिजून समान होईपर्यंत किंवा बदलेपर्यंत बोलतच राहणार.

खात्री करायची तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करा, बाजू बदलू नका. पुन्हा त्याच रस्त्यावर, त्याच वेगात जा. आवाज पुढून मागे सरकला तर दोष टायरचा, सरकला नाही तर दुसरीकडे. टायरच्या बाजूवर DOT ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडेही पाहा: २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी जुने रबर कडक होते आणि कडक रबर जास्त वाजते.

वारा असेल तर

सूंऽ किंवा शिट्टीसारखा आवाज ८० नंतरच सुरू होत असेल आणि समोरून वारा असताना वाढत असेल, तर रंग न उखडणारी कागदी मास्किंग टेप आणा. आरसे, दारांच्या फटी, टपावरची रेल, रेन व्हायझरच्या कडा, सगळे झाका. ड्रायव्हरचे दार मात्र उघडे-बंद होत राहिले पाहिजे. आवाज गेला तर एकेक टेप काढत पुन्हा जा. जिची टेप काढल्यावर तो परत येईल, ती जागा सापडली. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढून पाहा. जिथे ती सहज सुटते तिथे रबर दबलेले आहे. बाहेरून म्युझिक सिस्टीम किंवा मागचा कॅमेरा बसवला असेल, तर वायरीसाठी पाडलेल्या भोकातला रबरी बूच जागेवर आहे का तेही बघा.

इतके झाल्यावर उद्यमनगरातल्या किंवा तुमच्या नेहमीच्या गॅरेजमध्ये लिहिलेला कागद घेऊन जा. ‘आवाज येतोय’ असे मोघम सांगू नका. ‘साठपासून, रस्ता कुठलाही असो, उजव्या वळणावर जास्त’ असे सांगितले की मिस्त्री थेट त्या चाकाशी जातो. काम झाल्यावर त्याच पट्ट्यावर, त्याच वेगात त्याला शेजारी बसवून फेरी मारा.

सगळे ठीक निघाले आणि तरी खरबरीत डांबरावर गाडी घुमत असेल, तर तो टायरच्या नक्षीचा आणि त्यातल्या हवेच्या पोकळीचा स्वभाव आहे. मोठ्या ठोकळ्यांचे ऑल-टेरेन टायर डांबरावर वाजणारच. पुढच्या वेळी हायवेसाठीचे, बारीक नक्षीचे टायर मागा. डॅम्पिंग शीटचा विचार करायचाच तर मागच्या चाकांच्या कमानींपासून सुरुवात करा, दारे नंतर.