कोविड होऊन महिना झाला आणि मुलाला परत ताप आला, तर काय करायचं

2021 च्या जूनमधली गोष्ट. घरात सगळ्यांचा कोविड होऊन महिना झालेला, भाच्याला तेव्हा एक दिवस नुसती कणकण होती, म्हणून नंतर ताप आला तेव्हा कुणी दोन्हीचा संबंधच लावला नाही. पोट दुखतंय म्हणाला तर आम्ही म्हटलं आंबे जास्त झाले असतील. तिसऱ्या दिवशी डोळे लालभडक. निघालं एमआयएस-सी, म्हणजे इन्फेक्शन संपल्यावर शरीराची प्रतिकारशक्तीच बिथरते आणि हृदय, आतडी, कातडी सगळीकडे सूज आणते. ओमायक्रॉननंतर हे खूप कमी झालंय, पण माहीत असलेलं बरं.

तर आधी कॅलेंडर बघा. एमआयएस-सी साधारण 2 ते 6 आठवड्यांनी येतो, आणि मुलाला स्वतःला काहीच झालं नसेल, नुसतं घरात कोणी पॉझिटिव्ह असेल तरी ती तारीख धरायची.

मग ताप मोजून वेळेसकट लिहा, पॅरासिटामॉल कधी दिलं तेही. "कालपासून अंग गरम आहे" याने डॉक्टरांना काही कळत नाही.

आता उजेडात नीट बघा. डोळे लाल पण चिपडं नाहीत, ओठ फुटलेले, जीभ लाल दाणेदार, अंगावर पुरळ, तळवे सुजलेले. पोटदुखी, उलट्या, जुलाब हे तर खूप मुलांना होतं, कधीकधी इतकं पोट दुखतं की अपेंडिक्स वाटतं, इथेच लोक फसतात. सगळी लक्षणं एकत्र यायची वाट बघू नका.

हातपाय गार पडलेत, लघवी कमी झालीय, श्वास लागतोय, मूल मलूल पडलंय किंवा हाक मारली तरी नीट ओ देत नाही, तर ओपीडीच्या नंबरची वाट बघत बसू नका, सरळ इमर्जन्सीला, शक्यतो मुलांचं आयसीयू असेल तिथे. बीपी पटकन पडू शकतं.

डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगा, "महिन्यापूर्वी घरात कोविड होता". सीआरपी, डी-डायमर, ट्रोपोनिन या रक्ताच्या तपासण्या आणि हृदयाचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतील. इको कशाला म्हणून वाद घालू नका, हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगल्यात का ते त्यातच दिसतं. औषध म्हणजे मुख्यतः आयव्हीआयजी (शिरेतून देतात त्या अँटिबॉडीज) आणि स्टिरॉइड. स्टिरॉइड ऐकून आमची आई घाबरली होती, पण बहुतेक मुलं त्याने झपाट्याने सुधारतात.

घरी आल्यावर ॲस्पिरिन काही आठवडे चालू असू शकतं. ते मनाने बंद करू नका, आणि त्या काळात कांजिण्या किंवा फ्लू झाल्यासारखं वाटलं तर लगेच फोन करा. आयब्युप्रोफेनही विचारल्याशिवाय नको. आयव्हीआयजी दिलं असेल तर गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांची लस साधारण 11 महिने पुढे जाते, लसीच्या कार्डवरच लिहून घ्या, नाहीतर विसरायला होतं.

आणि खेळ बंद, निदान 3 महिने तरी, पुढचं कार्डिओलॉजिस्ट इको बघून ठरवतील. भाच्याची बॅट आम्ही माळ्यावर टाकली होती, तो पठ्ठ्या जिन्यात झाडूने खेळताना सापडला.