ज्येष्ठांसाठी शहर आखताना या चुका टाळा

आमच्या आत्याचं वय ८१. विरंगुळा केंद्र घरापासून चारशे पावलांवर, तरी तिनं तिथं जाणं सोडलं. केंद्र झकास आहे हो. मधला चौक तिला ओलांडता येत नाही.

मूळ चूक हीच. सोय बांधली की काम झालं, असं धरून चालतात. तिथवरची वाट कुणी चालून बघत नाही.

सिग्नलचंच घ्या. माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो, असा हिशेब सहसा धरतात. म्हणजे १८ मीटरच्या रस्त्याला १५ सेकंद. काठी टेकणाऱ्याचा वेग ०.८ वर आला, तर साडेबावीस लागतात. मधले साडेसात सेकंद आत्या भर रस्त्यात आणि समोर रिक्षावाला रेस करतोय! सिंगापूरनं यावर २००९ मध्येच तोड काढली: ज्येष्ठांनी खांबावरच्या यंत्राला कार्ड लावलं की हिरवा दिवा जास्त वेळ राहतो. आपल्याकडे यंत्र नसलं तरी सेकंद वाढवता येतात आणि दुभाजकात टेकायला सपाट जागाही ठेवता येते.

फुटपाथची उंची १५ सेंटिमीटरच्या वर नको आणि चालायला निदान १.८ मीटर मोकळी जागा हवी, असं रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या नियमावलीत म्हटलं होतं. प्रत्यक्षात दर सोसायटीच्या गेटपाशी फुटपाथ खाली उतरतो, पुन्हा चढतो. गुडघे दुखणाऱ्याला ही घसरगुंडीच. फुटपाथ सलग ठेवा, चढ-उतार गाडीला करू द्या. दुचाक्या घुसू नयेत म्हणून खांब रोवताना त्यांतून वॉकर जातोय का, तेही बघा.

बाकं बहुधा गुळगुळीत ग्रॅनाइटची. ना पाठ, ना हात. उठताना जोर कशावर द्यायचा? देणाऱ्याचं नाव मात्र ठळक कोरलेलं! स्वच्छतागृहाला कुलूप असलं, तर म्हातारी माणसं घरून निघताना पाणीच पीत नाहीत. लो-फ्लोअर बसही फुटपाथला न लागता मधल्या लेनमध्ये थांबली, तर पायरी उंचच पडते.

पुणे महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते. तिथं ‘फुटपाथ नीट करा’ असं मोघम लिहू नका. पट्टीनं उंची मोजा, मोबाइलवर सेकंद मोजा, आकडे आणि फोटो जोडा. फक्त सेकंद मोजताना रस्ता पंचविशीतल्या पोरानं ओलांडायचा नाही. आत्याला बरोबर न्या.