नळदुर्गला निघण्यापूर्वी

सोलापूरहून हैदराबाद रस्त्याने नळदुर्ग सुमारे 45 किलोमीटर, म्हणून बरेच जण पाण्याची एक बाटली घेऊन निघतात आणि नर-मादी धबधब्यांसमोर छायाचित्रे काढून परततात. मात्र बोरी नदीकाठचा हा किल्ला ज्या काळ्या पाषाणावर उभा आहे तो सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी थरावर थर पसरत गेलेला लाव्हा आहे, आणि तो नीट पाहायचा असेल तर तयारी वेगळी करावी लागते.

आधी दिवस ठरवावा. धबधबे नदीला भरपूर पाणी असेल तरच कोसळतात आणि आपल्याकडे पावसाचा जोर सप्टेंबरात असतो, त्यामुळे तो काळ धबधब्यांसाठी राखावा. खडक पाहण्यास दिवाळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम. एप्रिल-मे टाळावा, कारण पारा चाळिशीपार गेल्यावर काळ्या दगडावर हात टेकवणेही कठीण होते.

माणशी तीन लिटर पाणी, टोपी आणि पकड चांगली असलेले बूट घ्यावेत. शिदोरीला कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुरे; उन्हात दिवसभर विटत नाही. सुट्या दगडांखाली फुरसे असू शकते, तेव्हा हाताऐवजी काठी पुढे करावी.

माझ्या मते सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे दहापट मोठे दाखवणारे भिंग. लाव्हा थिजताना आत अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांची छिद्रे दगडात राहिली, पुढे त्यांत पाण्यातून आलेली खनिजे साचली, आणि आज तेथे गारगोटी, कॅल्साइट किंवा झिओलाइटचे पांढरे ठिपके दिसतात. कॅल्साइट ओळखायचे तर खिशात लिंबू असावे: सुट्या खड्याचा थोडा भुगा करून त्यावर रस पिळला की बारीक फेस येतो. ही परीक्षा तटाच्या चिऱ्यांवर कदापि करू नये. कागदात गुंडाळलेले लोहचुंबकही जवळ ठेवावे. ओढ्याच्या वाळूतून फिरवले की काळे कण कागदाला दाढीच्या खुंटांसारखे उभे चिकटतात, आणि कागद सोडवताच गळून पडतात. हे मॅग्नेटाइट नावाचे लोहखनिज, त्याच खडकातून झिजून आलेले.

विजापूरच्या दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहाच्या काळातील, नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला पाणीमहाल पाहण्यासाठी विजेरी घ्यावी. हातोडी मात्र घरीच ठेवावी. किल्ला संरक्षित स्मारक आहे, आणि नमुना हवाच असेल तर परतताना शेतमालकाला विचारून बांधावरचा एखादा खडा उचलावा.