ग्रेडियंटमध्ये पट्टे दिसू नयेत म्हणून आधीच करायची तयारी

रंग पक्के करण्याआधी एक भागाकार करा. ग्रेडियंट, म्हणजे एका रंगातून दुसऱ्या रंगात हळूहळू होणारा बदल, किती पिक्सेल लांब पसरणार आहे ते घ्या आणि त्याला दोन टोकांच्या रंगांमधल्या फरकाने भागा. वेबवरचा नेहमीचा रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन चॅनलांत साठवला जातो आणि प्रत्येक चॅनलला ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. तिन्हींचा गुणाकार १ कोटी ६७ लाखांच्या वर जातो, म्हणून आपल्याला वाटतं की रंगांना तोटा नाही. पण दोन जवळच्या छटांमधून जाणाऱ्या ग्रेडियंटच्या वाट्याला त्यातले मूठभरच येतात. समजा, पानाची पार्श्वभूमी १५, १८, ३२ या गडद निळ्यापासून २७, ३१, ५४ पर्यंत जाते. लाल १२ पायऱ्या चढतो, हिरवा १३ आणि निळा २२. हे सगळं १९२० पिक्सेल रुंदीवर पसरलं, तर हिरव्याची एक पायरी जवळपास १४८ पिक्सेल रुंद होते. तेवढा रुंद पट्टा डोळ्याला दिसणारच.

हिशेब हिरव्याचा का केला, हेही लक्षात ठेवा. वेबच्या नेहमीच्या रंगपद्धतीत, म्हणजे एसआरजीबीत, डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७ असतो. निळ्याच्या २२ पायऱ्या आहेत म्हणून निर्धास्त होऊ नका, पट्टा हिरव्यावर ठरतो. शुद्ध करडा ग्रेडियंट तर सगळ्यात वाईट, कारण तिन्ही चॅनल एकाच जागी एकदम उडी मारतात आणि कड ठसठशीत उमटते. करड्याला किंचित निळसर किंवा तपकिरी झाक द्या. उड्या वेगवेगळ्या जागी विभागल्या जातात आणि प्रत्येक कड सौम्य होते. एवढ्या साध्या बदलाने निम्मं काम झालेलं मी अनेकदा पाहिलं आहे.

भागाकाराचं उत्तर मोठं आलं, तर आधी रचनेत काय हलवता येतं ते बघा. टोकांमधलं अंतर वाढवा, किंवा ग्रेडियंट कमी जागेत आवरा आणि उरलेल्या भागात सपाट रंग राहू द्या. आडव्याऐवजी उभा केला तर १९२०च्या जागी ९०० पिक्सेल येतात आणि पट्ट्याची रुंदी निम्म्याहून कमी होते. तिरपा मात्र या बाबतीत उपयोगाचा नाही. १९२० बाय ९००च्या चौकटीत १३५ अंशांचा ग्रेडियंट जवळपास १९९४ पिक्सेल लांब होतो, म्हणजे आडव्यापेक्षाही जास्त. दाट पिक्सेलच्या स्क्रीनवर हे आपोआप सुटेल अशी आशाही धरू नका. तिथे पिक्सेल बारीक असतात, पण पायऱ्या तेवढ्याच असतात, म्हणून पट्टा डोळ्यासमोर तेवढाच रुंद राहतो.

गडद रंगांसाठी वेगळा वेळ काढून ठेवा. १५ वरून १६ वर जाताना उजेड सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो, २०० वरून २०१ वर जाताना जेमतेम १ टक्क्याने. पायरी एकच, पण अंधारात तिची उंची कितीतरी जास्त. म्हणून फिकट थीममध्ये गुळगुळीत वाटलेला ग्रेडियंट डार्क मोडमध्ये उघडा पडतो. दोन्ही थीमचे ग्रेडियंट स्वतंत्रपणे मोजा आणि तपासा. फिकट थीमचे रंग नुसते गडद करून पुढे जाऊ नका.

रंगथांबे, म्हणजे ग्रेडियंटमध्ये ठराविक रंग नेमून दिलेल्या जागा, किती आणि कुठे, तेही याच टप्प्यावर ठरवा. भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्ये दाखवलं होतं, की उजेडाचा चढ जिथे अचानक बदलतो तिथे डोळा स्वतःच एक उजळ किंवा काळी रेघ पाहतो. पडद्यावर ती नसते, तरी दिसते. म्हणजे पायऱ्या भरपूर असल्या तरी दोनच थांब्यांचा सरळ ग्रेडियंट जिथे सपाट रंगाला मिळतो, तिथे एक रेघ जाणवते. टोकांजवळ दोन-तीन जादा थांबे घालून चढ हळूहळू सुरू होऊन हळूहळू संपेल असं करा. फोटोवर मजकुरासाठी काळी सावली टाकताना याचा फार उपयोग होतो.

इथे एक गल्लत टाळा. सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, आता ग्रेडियंट ओकेलॅबमधून न्यायची सोय आहे. ही रंगपद्धत ब्यॉर्न ओटोसन यांनी २०२० मध्ये मांडली. निळ्यापासून पिवळ्याकडे जाताना मध्ये येणारा मळकट करडा तिने जातो आणि संक्रमण देखणं होतं. ती जरूर वापरा. पण पट्ट्यांवरचा तो इलाज नव्हे. रंग कोणत्याही वाटेने काढला तरी शेवटी त्याच २५६ पायऱ्यांवर येऊन बसतो.

पट्टे दिसले, तर उपाय करण्याआधी निदान करा. स्क्रीनशॉट घ्या, चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांवर आयड्रॉपर, म्हणजे रंगाचे आकडे दाखवणारं साधन, ठेवून आकडे वाचा आणि लिहून ठेवा. फरक एकेकाचा असेल तर तुम्ही पायऱ्यांच्या मर्यादेला भिडला आहात. फरक दोन-तीनचा किंवा जास्त असेल तर मधल्या पायऱ्या कुणीतरी खाल्ल्या आहेत, बहुतेक वेळा फाइल लहान करणाऱ्या कॉम्प्रेशनने. आणि आकडे नीट चढत असूनही डोळ्याला ढोबळ पट्टे दिसत असतील तर दोष मॉनिटरचा. काही स्वस्त पॅनल प्रत्येक चॅनलला ६ बिटांचेच, म्हणजे ६४ पायऱ्यांचे असतात आणि मधल्या छटा झपाट्याने लुकलुकवून भासवतात. रात्रीचा पिवळसर उजेड किंवा कॅलिब्रेशन चालू असलं तरी पायऱ्या गळू शकतात. तपासणीपूर्वी ते बंद करा. ही पाच मिनिटं मी एकदा वाचवली आणि दोन दिवस रंग बदलत बसलो. शेवटी कळलं की चित्रं पोचवणारी सेवा आमची फाइल वाटेत पुन्हा दाबत होती.

पायऱ्यांच्या मर्यादेवर खरा उपाय एकच, डिदरिंग. रंगाचा आकडा पूर्णांकात बसवण्याआधी त्यात किंचित यादृच्छिक चढउतार मिसळायचा, म्हणजे कड एका रेषेत न पडता ठिपक्यांमध्ये विखुरते आणि डोळा त्यांची सरासरी घेतो. संगणकशास्त्रज्ञ लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी चित्रांसाठी ही युक्ती १९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच वापरली होती. यातला ‘आधी’ हा शब्द महत्त्वाचा. फोटोशॉपमध्ये प्रत्येक चॅनल १६ बिटांचा ठेवून काम करा, ग्रेडियंटच्या साधनातला डिदरचा पर्याय चालू ठेवा आणि ८ बिटांवर, म्हणजे २५६ पायऱ्यांवर, अगदी शेवटी या. वेबजीएलमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये कोडने चित्र काढायच्या सोयीत, काढत असाल तर शेडरच्या, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा रंग ठरवणाऱ्या कोडच्या, शेवटच्या ओळीत एका पायरीएवढा नॉइज, म्हणजे असाच यादृच्छिक चढउतार, मिसळला की पुरे. ब्राउझर सीएसएसच्या ग्रेडियंटला स्वतः डिदरिंग करेल, हे मात्र गृहीत धरू नका.

सीएसएसच्या ग्रेडियंटवर आपण नॉइजचा थर चढवतो तेव्हा पायऱ्या आधीच पडलेल्या असतात. दाणे त्यांना पुसत नाहीत, फक्त झाकतात. म्हणून एका पायरीचा नॉइज इथे पुरत नाही, दोन-तीन पायऱ्यांचा लागतो. २०० पिक्सेलच्या आसपासची, कडा बेमालूम जुळणारी पीएनजी टाइल करा किंवा एसव्हीजी या चित्रस्वरूपातल्या, यादृच्छिक पोत बनवणाऱ्या टर्ब्युलन्स फिल्टरने दाणे तयार करा. अपारदर्शकता २-३ टक्क्यांपासून सुरू करून डोळ्याने वाढवत न्या. दाणे बारीक आणि बिनरंगी ठेवा. हा थर क्लिक अडवणार नाही याची सोय विसरू नका. गडद पार्श्वभूमीवर ओव्हरले ब्लेंड, म्हणजे थर खालच्या रंगात मिसळायचा एक मोड, वापरला तर नॉइज जवळपास नाहीसा होतो, कारण तो मोड काळ्याजवळच्या रंगांना फारसा हलवत नाही. तिथे साधा, नॉर्मल थरच हवा. पूर्ण स्क्रीनभर टर्ब्युलन्स फिल्टर लावून वर ॲनिमेशन चालवू नका, साधे फोन धापा टाकतात. आणि ग्रेडियंट सरकता ठेवणार असाल तर दुप्पट काळजी घ्या. स्थिर असताना नजरेआड होणारे पट्टे हलायला लागले की लगेच दिसतात.

पारदर्शकतेचाही असाच हिशेब मांडून ठेवा. ० ते १० टक्के काळी सावली म्हणजे अपारदर्शकतेच्या सुमारे २५ पायऱ्या, आणि गडद पृष्ठभागावर त्यातल्याही थोड्याच प्रत्यक्षात वेगळ्या दिसतात. मोठ्या ब्लरच्या सावल्या आणि बटणांमागचे अंधुक तेजोवलय हेसुद्धा ग्रेडियंटच आहेत. तयारी करताना त्यांचा विसर हमखास पडतो.

चित्र म्हणून एक्स्पोर्ट करणार असाल तर स्वरूप विचारपूर्वक निवडा. २५६ रंगांत बसवलेली जिफ किंवा पीएनजी-८ यासाठी नकोच. जेपेग ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून सूक्ष्म फरक टाकून देते, त्यामुळे कमी क्वालिटीवर पट्ट्यांच्या जागी चौकोन दिसू लागतात. लॉसी, म्हणजे थोडा तपशील टाकून देणाऱ्या, वेबपीत उजेडासाठी पूर्ण २५६ पायऱ्याही मिळत नाहीत, १६ ते २३५ एवढ्याच. एव्हीआयएफ या चित्रस्वरूपात १० बिटांची सोय आहे आणि मऊ ग्रेडियंटसाठी मी आधी तीच आजमावून बघतो. डिदर केलेली पीएनजी अचूक राहते, पण दाण्यांमुळे फाइल फुगते. मोठ्या पार्श्वभूमीसाठी मग सीएसएसचा ग्रेडियंट आणि त्यावर छोटी नॉइजची टाइल हाच हलका मार्ग.

डिदर केलेलं चित्र ज्या मापात दाखवायचं त्याच मापात निर्यात करा. ब्राउझरने ते लहान केलं की शेजारच्या पिक्सेलांची सरासरी निघते, दाणे विरघळतात आणि पट्टे परत येतात. चौकट भरण्यासाठी ताणलं जाणारं चित्र याला हमखास बळी पडतं.

दाखवायच्या दिवसाचीही तयारी ठेवा. व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर केली तर तिथलं कॉम्प्रेशन नसलेले पट्टे उभे करतं आणि समोरच्याच्या मनात तेच राहतं. ग्रेडियंट दाखवायचा असेल तर दुवा पाठवा आणि त्यांच्याच स्क्रीनवर उघडायला सांगा. त्याआधी एक चांगला मॉनिटर, एक साधा लॅपटॉप आणि एक फोन, तिन्हींवर खोलीतले दिवे मालवून, ब्राइटनेस पूर्ण करून बघून घ्या.

साइट लाइव्ह झाली की पार्श्वभूमीचं चित्र थेट तिथूनच उतरवून घ्या, स्वतःच्या फोल्डरमधलं नाही. आयड्रॉपर पुन्हा त्याच दोन जागी ठेवा आणि आधी लिहून ठेवलेल्या आकड्यांशी ताडून बघा.